शेजारचं मूल

नोव्हेंबर १९२१. हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळेच्या आवारात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे होते, पाचच वर्षांपूर्वी महिला विद्यापीठ काढलेले. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणं झाली आणि लोकांनी ती ऐकून घेतली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेत त्यांची टिंगल झाली, त्यांना धड बोलूही दिलं गेलं नाही. राज्यातल्या जवळजवळ निम्म्या प्रजेची ती भाषा होती आणि समाजसुधारणेच्या व्यासपीठावर तिची हुर्यो उडवणाऱ्यांत मराठी मंडळी पुढे होती. दुखावलेले तेलुगू प्रतिनिधी बाहेर पडले, एकत्र बसले आणि त्यांनी आंध्र जनसंघम् स्थापन केला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. १९३० साली जोगीपेटला सुरवरम् प्रतापरेड्डींच्या अध्यक्षतेखाली तिचं पहिलं अधिवेशन भरलं. तेलंगणातल्या शाळकरी मुलांना हा प्रसंग इतिहासात भेटतो. हैदराबादच्या मराठी घरांतून तो क्वचितच सांगितला जातो.

तिथे सांगितली जाते ती १९०७ची गोष्ट, आणि तीही खरीच आहे. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेही उर्दू माध्यमाचं. तेलुगू, मराठी, कानडी बोलणाऱ्यांची संख्या मोठी होती, पण त्यांच्या मुलांच्या भाषेला सरकारी शिक्षणात जागा तोकडी होती. अशा राज्यात १९०७ साली केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या वकील मंडळींनी आणि त्यांच्याभोवतीच्या समाजाने विवेकवर्धिनी उभी केली. वर्गणी गोळा केली, शिक्षक आणले, अधिकाऱ्यांचे हेलपाटे सोसले. १९२४ मध्ये खासगी शाळा काढायला सरकारी परवानगी सक्तीची करणारे नियम आले, राज्यभर अनेक छोट्या शाळा मिटल्या. विवेकवर्धिनी टिकली आणि वाढली.

एकाच वास्तूच्या या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. आपल्या मुलाला आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून राजसत्तेसमोर उभा राहणारा समाज शेजाऱ्याच्या भाषेवर हसला. ही माणसं वाईट नव्हती. आपल्या मुलासाठी ती खूप काही करायला तयार होती, पण शेजारच्या मुलालाही नेमकं तेच हवं असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शंभर वर्षं उलटली तरी हैदराबादच्या पालकाच्या, मराठी असो वा अमराठी, सामाजिक मतांची अडचण हीच आहे.

भाषेपासूनच सुरुवात करू. २०१८ साली तेलंगणाने शाळांत तेलुगू सक्तीची करणारा कायदा केला. पहिली ते दहावी, सगळ्या मंडळांच्या शाळांना लागू, टप्प्याटप्प्याने. पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी आलेले आणि कोंडापूर, मियापूर, मणिकोंडा भागात स्थिरावलेले आईबाप तेव्हापासून या विषयावर भरभरून बोलतात. इंग्रजी आहे, हिंदी आहे, आता तेलुगूचं ओझं. आणि घरची मराठी कुठे बसवायची? तक्रारीत तथ्य आहेच. सातवीत बदली होऊन आलेल्या मुलापुढे जन्मापासून तेलुगू ऐकलेल्या मुलाचं पुस्तक ठेवणं हा त्याच्यावर अन्याय होता. सरकारलाही ते पटलं, पण उशिरा. राज्य मंडळाखेरीज इतर मंडळांच्या शाळांत नववी-दहावीला ‘वेन्नेल’ हे सोपं तेलुगू पुस्तक वापरायचा आदेश २०२५ मध्ये निघाला. म्हणजे पालकांनी नेमकी मागणी लावून धरली तर धोरण वाकतं.

पण बऱ्याच घरांतली मागणी इतकी नेमकी नसते. तेलुगू नकोच, असं तिचं स्वरूप असतं. आणि इथे स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागतो. महाराष्ट्राने २०२० साली सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, तेव्हा हेच पालक खूश झाले होते. मुंबईत येऊन वीस वर्षं राहिलेल्याला मराठी येत नाही, यावर दिवाळीच्या फराळाला तासभर चर्चा होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तेव्हा हैदराबादेतल्या मराठी घरांतही समाधान व्यक्त झालं. पुण्यात मराठीबद्दल जे वाटतं तेच करीमनगरच्या माणसाला हैदराबादेत तेलुगूबद्दल वाटतं. हे मान्य केलं की वादाची पातळीच बदलते. मग मागणी उरते ती चांगल्या शिक्षकांची, वयाला आणि पूर्वतयारीला साजेशा पुस्तकांची, आणि जिथे पुरेशी मुलं असतील तिथे मातृभाषेच्या तासाची.

ही शेवटची मागणी अवास्तव मुळीच नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकता यावं, यासाठी राज्यांनी सोय करावी असं म्हटलं आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात. सीमा हलल्या, माणसं राहिली. आदिलाबाद जिल्ह्यात आजही मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि त्यांच्यासाठी तेलंगणा सरकारच मराठी पाठ्यपुस्तकं छापतं. राजधानीतल्या शिकल्यासवरल्या मराठी पालकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? आदिलाबादच्या शेतमजुराच्या मुलासाठी जे पुस्तक तयार आहे, ते हैदराबादच्या शाळेत ऐच्छिक तासाला वापरता येईल का, हे विचारायला शिक्षण खात्याच्या दारात कुणीतरी जायला हवं.

तेलुगूचा आणखी एक उपयोग आहे आणि तो परीक्षेच्या गुणांपलीकडचा आहे. हैदराबादेत दखनी-हिंदीवर आयुष्य निघतं. भाजीवाला समजून घेतो, रिक्षावाला समजून घेतो. ही या शहराची मोठी मेहेरबानी आहे आणि तिच्यामुळेच पालक कच्चा राहतो. अंगणवाडी सेविकेशी, बस्ती दवाखान्यातल्या परिचारिकेशी, वॉर्डातल्या अधिकाऱ्याशी, सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाशी दोन वाक्यांपलीकडे बोलायचं तर तेलुगू लागते. ती नाही म्हणून मग सगळी मतं सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात इंग्रजीतून मांडली जातात. जिथे निर्णय होतात तिथे ती पोहोचत नाहीत.

कोमर्राजू लक्ष्मणराव हे तेलुगू ज्ञानकोशाचे शिल्पकार. त्यांचं शिक्षण नागपुरात झालं आणि ते मराठीत लिहीत असत. पी. व्ही. नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी तेलुगूत नेली. तेलुगू माणसाने मराठी शिकण्याची परंपरा या भागात भक्कम आहे. उलट दिशेची वाट मात्र ओस आहे.

भाषेच्या प्रश्नावर निदान चर्चा तरी होते. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांवर तीही होत नाही. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्याव्यात आणि सरकारने त्यांचा खर्च ठरलेल्या दराने भरून द्यावा, असं त्याचं कलम १२(१)(क) सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरीही २०१४ साली जन्मलेल्या तेलंगणाने वर्षानुवर्षं हे कलम अमलात आणलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात खेळत राहिलं. ज्या मुलांनी त्या काळात पहिलीत जायचं ती आता माध्यमिक शाळेच्या वयाची झाली. त्यांची संधी कोणताही निकाल परत देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात चित्र वेगळं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्दच केला. हा हक्क तिथे रुजलेला होता, त्याचा लाभ घेतलेली कुटुंबं होती, म्हणून तो काढून घेताना आरडाओरडा झाला. हैदराबादेत रुजलाच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ओरडणारंही कुणी तयार झालं नाही.

हैदराबादचे पालक संघटित होत नाहीत असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. फीच्या प्रश्नावर ते होतात. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, सरकारने आदेश क्रमांक ४६ काढला: फी वाढवायची नाही, फक्त शिकवणी शुल्क घ्यायचं, तेही महिन्याच्या महिन्याला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून पालकांनी निवेदनं दिली, निदर्शनं केली, न्यायालयाचा रस्ता धरला. फी नियंत्रणासाठी त्याआधी प्राध्यापक तिरुपतीराव समितीचा अहवाल झाला होता. २०२४ मध्ये आकुनूरी मुरलींच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगानेही या विषयाला हात घातला. महाराष्ट्रात २०११ च्या कायद्याने फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. तसं काही तेलंगणात हवं ही मागणी रास्त आहे. पण त्याच निवेदनात एक ओळ वाढवायला काय हरकत होती, की आमच्या मुलांच्या वर्गात पंचवीस टक्के जागा कायद्याप्रमाणे भरा? फीच्या खर्चात पिचलेल्या मध्यमवर्गाने आणि शाळेच्या फाटकाबाहेर राहिलेल्या बस्तीने एका निवेदनावर सह्या केल्या असत्या, तर त्या कागदाचं वजन वेगळंच झालं असतं.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात असे दोन गट वेगळे का पडतात याचं कारण उलगडून दाखवलं. संस्थेचा दर्जा घसरला की माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. सरकारी शाळेबाबत घडतं असं, की दर्जाबद्दल सर्वांत जागरूक, ऐपतदार पालक सगळ्यांत आधी निघून जातात. आवाज उठवू शकणारे तेच असतात. ते गेल्यावर शाळा आणखी ढासळते. हैदराबादेत ही प्रक्रिया दोन पिढ्या चालली. २०२२-२३ पासून राज्याने सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणलं, दोन भाषांत छापलेली पुस्तकं दिली. पण माध्यम बदलून गेलेला आवाज परत येत नाही. कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया. सकाळी चार घरची धुणीभांडी करणारी आई दुपारच्या बैठकीला आली तर तिचं काम बुडतं आणि आली तरी मुख्याध्यापकांना हिशेब विचारायचं धाडस तिला होत नाही. ती जिच्या घरी काम करते ती बाई हिशेब तपासण्यात पटाईत असते. पण ती या समितीत नाही, कारण तिचं मूल त्या शाळेत नाही.

खासगी शाळा निवडणाऱ्या आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. तत्त्वासाठी स्वतःच्या मुलाचं शिक्षण पणाला लावा, असं कुणी कुणाला सांगू नये. दोन नोकऱ्या, तासन्‌तास वाहतुकीत अडकणं, आजारी सासूसासरे, यातून वेळ काढणं सोपं नाही. तरीही महिन्यातली एक संध्याकाळ निघू शकते, आणि त्या संध्याकाळी घराजवळच्या सरकारी शाळेची समिती त्यांच्याकडून माहिती अधिकाराचा अर्ज कसा करतात हे शिकू शकते.

शाळेबाहेरचं शहर तर फी भरूनही विकत घेता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नेरेडमेट भागात सायकलवर निघालेली बारा वर्षांची मुलगी पावसात उघड्या नाल्यात पडून वाहून गेली. तिच्या पालकांनी दुःखातही पोलिसांत तक्रार दिली, जबाबदारी कुणाची हा प्रश्न सोडला नाही. महिनाभरात, ऑक्टोबरच्या मध्यावर, शहराच्या मोठ्या भागात पूर आला. त्यानंतर नाल्यांच्या कामांचा मोठा कार्यक्रम जाहीर झाला. एप्रिल २०२३ मध्ये सिकंदराबादेत आणखी एक लहान मुलगी दूध आणायला गेली असताना उघड्या गटारात पडून दगावली. फाटकबंद वसाहतीत मुलांना सायकल चालवायला गुळगुळीत रस्ता आहे, झाकलेलं गटार आहे, रखवालदार आहे. फाटकाच्या बाहेर पदपथसुद्धा नाही. मुलाला शाळेच्या बसमध्ये फाटकात चढवायचं आणि फाटकातच उतरवायचं, इतकाच शहराशी संबंध. ज्या नाल्यावर आपलं मूल जाणार नाही त्या नाल्याची तक्रार कोण करणार?

२०२० च्या डिसेंबरात, त्या पुरानंतर सहा-सात आठवड्यांनी, महापालिकेची निवडणूक झाली. मतदान सुमारे ४६ टक्के.

या शहरातल्या मराठी समाजापुरतं बोलायचं तर हाताशी बरंच काही आहे. विवेकवर्धिनी आहे, मराठी साहित्य परिषद आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. जुन्या शहरालगत, कोठी-सुलतान बाजार भागात त्यांच्या जागा आहेत; नवी वस्ती पश्चिमेला, बरीच दूर. गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांपलीकडे दोन्ही टोकं क्वचित भेटतात. मुलांसाठी रविवारचे मराठी वर्ग व्हावेत ही मागणी नेहमीची आहे. त्याच वेळी, शेजारच्या खोलीत, आईबापांसाठी तेलुगूचा वर्ग सुरू करता येईल. शिकवायला तेलुगू शेजारी येतील, त्यांना मराठी शिकायची असेल तर तीही सोय करता येईल. दोन्ही भाषांत एक साधं पत्रक काढता येईल: पंचवीस टक्क्यांचं कलम काय म्हणतं, शाळा समितीत कोण बसू शकतं, उघड्या नाल्याची तक्रार कुठे नोंदवायची. वॉर्डासाठी उमेदवार मत मागायला येईल तेव्हा वसाहतीच्या फाटकावर त्याला विचारायचे प्रश्नही तिथेच ठरवता येतील. पहिला प्रश्न फाटकासमोरच्या रस्त्याचा नको. मागच्या बस्तीतल्या सरकारी शाळेपर्यंत चालत जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर किती नाले उघडे आहेत आणि ते येत्या पावसाळ्याआधी झाकणार का, हा असावा.