अमानत आणि अनामत

भाड्याने घेतलेली वस्तू आपला कसूर नसताना आपल्या हातात बिघडली, तर नुकसान कोणी सोसायचे? प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण माणसाच्या शब्दाला किती किंमत द्यायची, हेही त्यातच ठरते.

आम्ही डाळजचे. पुणे-सोलापूर महामार्गावरचे, इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या फुगवट्याकाठचे गाव. या पट्ट्यात तासावर सायकली मिळत तेव्हा दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, बस्स. पंक्चर नेणाऱ्याचे, बाकी मोडतोड मालकाची, असा रिवाज होता. साखळी तुटली म्हणून सायकल ढकलत आणणाऱ्या पोराचे म्हणणे ऐकून घेतले जाई, कारण तो कोणाचा पोर हे ठाऊक असे.

फिकहचे म्हणणे याहून वेगळे नाही. इजाऱ्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याने हयगय केली नसेल, ठरल्याबाहेर वापरली नसेल, तर भरपाई त्याच्यावर येत नाही. फुकट मागून आणलेल्या वस्तूबाबत मात्र मतभेद आहे. आपण देशावरचे हनफी तिलाही अमानतच मानतो; कोकणातल्या शाफई बांधवांच्या मजहबात, परवानगीच्या वापराने झालेली झीज सोडली, तर भरपाई द्यावी लागते. आणखी एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो: वस्तू कशी बिघडली याबद्दल अमीनाचे म्हणणे शपथेवर मानले जाते. पुरावा आणायचा तो आरोप करणाऱ्याने.

परदेशात राहत असताना आम्ही महिन्याच्या बोलीवर मोटारसायकल घेतली होती. अकराव्या दिवशी भर रस्त्यात इंजिन बंद पडले. मिस्त्री म्हणाला, आतला भाग आधीपासूनच झिजलेला आहे. मालक म्हणाला, तुम्ही नेली तेव्हा चालू होती. अनामत रक्कम गेली.

'अनामत' हा शब्द मराठीत 'अमानत'वरूनच आला. मूळ शब्द विश्वासाचा. आज अनामत मागितली जाते ती विश्वास नाही म्हणून. परक्याचा शब्द आधीच खोटा धरायचा आणि त्या खोटेपणाची किंमत अगोदर कापून ठेवायची. भाड्याचे घर मागताना नाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपल्याला शिकवायला नको.

तरी मालकाची बाजू अगदीच पोकळ नाही. अनोळखी माणूस उद्या विमानात बसून गेला तर तो शोधणार कोणाला? फकिहांनाही ही अडचण दिसली होती. रंगारी, शिंपी यांसारख्या कारागिरांच्या हाती दिलेला माल गेला, तर कसुराशिवाय भरपाई नाही, असे इमाम अबू हनिफांचे मत. त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहंमद यांनी कारागिराला जबाबदार धरले, कारण लोकांच्या मालाची हिफाजत व्हायला हवी होती. म्हणून अनामत घेण्यालाच आम्ही जुलूम म्हणणार नाही. ती घेऊन मालक स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच काजी होतो, तिथे जुलूम सुरू होतो. आपल्याकडच्या १८७२च्या करार कायद्याचे कलम १५० तर सांगते की, भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे इजा झाली, तर तो दोष मालकाला माहीत नसला तरी जबाबदारी त्याचीच. भाडे खायचे आणि दोष ग्राहकाच्या गळ्यात मारायचा, हे मापात मारण्यापेक्षा वेगळे कसे?

काही मालक अनामत म्हणून पासपोर्टच ठेवून घेतात. भारतीय पासपोर्ट कायद्याने सरकारच्या मालकीचा. म्हणजे एक अमानत मिळवण्यासाठी दुसरी गहाण टाकायची, तीही ज्याची आहे त्याला न विचारता. आम्ही पासपोर्ट दिला नाही, म्हणून रोख रक्कम जास्त मोजली.

गाडी परत करताना एक पेच उरला होता. मागचा ब्रेकही धड नव्हता. सांगितले, तर आणखी पैसे कापायला मालकाला निमित्त मिळणार होते. आमचा त्याच्याशी हिशेब संपला होता. पण त्या गाडीवर उद्या बसणाऱ्याचा हक्क त्या हिशेबात नव्हता. आम्ही सांगितले. त्याने मान हलवली आणि गाडी पुन्हा रांगेत लावली. दारात उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला मग आम्हीच ब्रेक दाबून दाखवला.