न्यायचं ते काय?

भाच्याने फोनवर ऑस्बॉर्न-१ चा फोटो दाखवला. शिवणयंत्राच्या पेटीएवढा डबा, झाकण काढलं की तेच कीबोर्ड, दोन फ्लॉपी ड्राइव्हच्या मधे पाच इंची पडदा. “दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून घेतलं असणार, मामा. नाहीतर अकरा किलोंचा कॉम्प्युटर कोण उचलून नेणार?” तो सहज बोलून गेला, पण मला ते डाचत राहिलं. आधीच्या पिढीने जे घेतलं ते नाइलाजाने घेतलं, विचार करून नाही, हे गृहीत धरणं मला मान्य नाही. आणि इथे तर ते साफ चुकीचं आहे.

1983 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत नेता येण्याजोगा कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसापुढे पर्याय भरपूर होते. एप्रिल 1981 मध्ये 1795 डॉलरला आलेला ऑस्बॉर्न होताच. साधारण त्याच किमतीत कायप्रो-२ मिळत होता: पत्र्याची पेटी, नऊ इंची पडदा, ओळीत 80 अक्षरं. मॅग्नेशियमच्या कवचातला सडपातळ ग्रिड कंपास होता, पण त्याला आठ हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. रेडिओ शॅकचं मॉडेल 100 वहीएवढं होतं आणि चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचं. नुकताच आलेला कॉम्पॅक या सगळ्यांत वजनदार, जवळजवळ 13 किलोंचा. यांतल्या कशावरही देवनागरी उमटत नव्हती, त्यामुळे ही निवड इंग्रजीत काम करणाऱ्याची होती, हे आधीच सांगून टाकतो.

अशा वेळी मी नेहमी एक फरक करतो: यंत्र नेणं वेगळं आणि काम नेणं वेगळं. ऑस्बॉर्न, कायप्रो, कॉम्पॅक ही यंत्रं न्यायची. एका भिंतीवरचा प्लग काढायचा आणि पेटी उचलून दुसऱ्या भिंतीपाशी न्यायची. मधल्या वाटेवर ते यंत्र मुकं. मॉडेल 100 मात्र बटण दाबताच, लिहिणं जिथे थांबलं होतं तिथे जागं होई. गाडीत, कोर्टाच्या पायरीवर, विमानतळाच्या बाकावर मांडीवर घेऊन लिहा. मोडेम आतच, त्यामुळे मजकूर फोनच्या तारेवरून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत. बातमीदारांनी ते यंत्र उगाच डोक्यावर घेतलं नाही. या फरकाने पाहिलं तर भाचा हरतो, पण अर्धाच. पर्याय होता हे सिद्ध होतं, आणि मग ऑस्बॉर्न घेणारे जास्तच चुकले असं ठरतं. मीही बराच काळ तेच मानत होतो.

पण रोजचं काम म्हणजे काय, हे नीट पाहू. मॉडेल 100 च्या पडद्यावर आठ ओळी, ओळीत 40 अक्षरं. मेमरी 24 के घेतली तरी तीन-साडेतीन हजार शब्दांत भरली. बातमीला एवढं पुरतं, कारण बातमीचं पुढचं काम दुसरं कोणीतरी करतं. पण एखादी बाई तीन दुकानांचे हिशेब लिहिते, त्यांची पत्रं तयार करते आणि महिनाअखेरीला तक्ते छापून देते. तिला काम सुरू करून भागत नाही, ते तडीस न्यावं लागतं. ऑस्बॉर्नबरोबर मजकूर लिहिण्याचा वर्डस्टार आणि हिशेबाच्या तक्त्यांचा सुपरकॅल्क हे प्रोग्रॅम मिळत होते, वेगळे पैसे न मोजता. एकट्या वर्डस्टारची किंमत काही शे डॉलर होती, तेव्हा हा व्यवहार साधा नव्हता. अडचण पडद्याची. एका वेळी ओळीतली 52 अक्षरंच दिसत. उरलेली ओळ पाहायची तर कंट्रोल आणि बाणाची कळ दाबून पडदा उजवीकडे सरकवायचा. मग ओळीचा शेवट दिसतो आणि सुरुवात नाहीशी होते. तरीही काम होत होतं.

हे यंत्र काढणारा अ‍ॅडम ऑस्बॉर्न याच मताचा होता: पुरेसं असलं की झालं. त्याच्याबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण हा माणूस आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. 1939 मध्ये बँकॉकला जन्मला, बालपण तिरुवण्णामलैला गेलं, कारण वडील आर्थर ऑस्बॉर्न हे रमण महर्षींचे शिष्य आणि चरित्रकार. पुढे तो रसायन अभियंता झाला, कॉम्प्युटरवर पुस्तकं लिहून स्वतःच छापू लागला, आणि ली फेल्सेनस्टाइनकडून हे यंत्र आखून घेतलं. सप्टेंबर 1983 मध्ये त्याच्या कंपनीने दिवाळं काढलं. 2003 मध्ये तो कोडैकनालला वारला. आश्रमाच्या सावलीत वाढल्यामुळे त्याला ‘पुरेसं’ सुचलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण बाजारात सगळे ‘अधिक’ विकत असताना ‘पुरेसं’ विकायला धाडस लागतं, आणि त्याबद्दल मला या माणसाविषयी आदर आहे.

म्हणजे पारडं पुन्हा पेटीकडे झुकलं. यंत्र जागेवरून हलवायची वेळ आठवड्यातून एकदोनदा येते, पडद्याकडे मात्र दिवसभर पाहायचं असतं. मग ऑस्बॉर्नपेक्षा कायप्रो बरा, कारण त्यावर 80 अक्षरांची अख्खी ओळ दिसते. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क कोलंबोत कायप्रोवरच लिहीत आणि ‘2010’ या सिनेमाबद्दल लॉस एंजलिसमधल्या दिग्दर्शक पीटर हायम्सशी फोनच्या तारेवरून मजकुराची देवघेव करत. तो पत्रव्यवहार 1984 मध्ये पुस्तकरूपाने आला. नेता येणारं यंत्र घरातल्या टेबलावरच राहिलं आणि काम अर्धी पृथ्वी ओलांडून गेलं.

इथे माझा लाडका फरक माझ्यावरच उलटतो. काम नेण्यासाठी यंत्र हलकं असावं लागतं असं मी धरून चाललो होतो. पण काम फ्लॉपीवर असतं, आणि सव्वापाच इंची फ्लॉपीला वजन नसल्यात जमा. प्रश्न एवढाच की ती दुसरीकडे वाचता येते का. ऑस्बॉर्न आणि कायप्रो दोन्ही सीपी/एम या एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत, पण सव्वापाच इंची फ्लॉपीवर मजकूर मांडण्याची पद्धत जो तो कारखानदार आपापली ठेवी. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला सहसा कळत नसे. म्हणून पेटी उचलून न्यावी लागे. कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीवरचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील असं यंत्र केलं. हिशेब लिहिणाऱ्या त्या बाईच्या गिऱ्हाइकाकडे आयबीएमचा पीसी असेल, तर तिने फ्लॉपी पर्समध्ये टाकायची आणि निघायचं. पेटी घरीच. नसेल, तरच ते तेरा किलो उचलायचे.

पहिल्या वर्षात कॉम्पॅकने अशी 53 हजार यंत्रं विकली. एका ड्राइव्हचं 2995 डॉलरला, दोन ड्राइव्हचं 3590 ला. ज्यांनी एवढे पैसे मोजले त्यांच्यासमोर हलकी आणि स्वस्त यंत्रं उघड मांडलेली होती. स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्याला मी आजही कायप्रोच घ्यायला सांगितलं असतं, 1200 डॉलरचा फरक घरखर्चात जाणवतो. पण कामाची ये-जा चारचौघांत असेल, तर सगळ्यांत जड यंत्र घेणाऱ्याचा हिशेब बरोबर होता, आणि मॉडेल 100 ची बाजू घेताना मला तो दिसला नव्हता. भाच्याला सांगायचं ते एवढंच की या लोकांना वजन दिसत होतं. ते कशासाठी सोसायचं, हेही त्यांनी ठरवलेलं होतं.