दहा मिनिटं प्रभूसमोर

जुन्नर, जानेवारी

चि. नातीस,


तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप वाचला. उत्तर कागदावर लिहितेय, कारण एवढं सगळं अंगठ्यानं टाइप करणं मला जमायचं नाही. दवाखान्यात ध्यानाचा वर्ग झाला, बरोबरीच्या मुलींना बरं वाटलं, तुलाही रोज बसावंसं वाटतंय. पण प्रार्थनेच्या गटातल्या कोणीतरी सांगितलं की हे आपलं नव्हे, यात पडू नकोस. म्हणजे ख्रिस्ती माणसानं ध्यान करावं का, आणि करायचं तर दिवसपाळी-रात्रपाळीच्या धबडग्यात कसं, हे तुझे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देते: करावं. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

तुला अडवणाऱ्यावर रागावू नकोस. डोळे मिटून आपण कोणापुढे बसतोय, हे विचारलंच पाहिजे. पण शांत बसणं ही कुठल्या एका धर्माची मिरासदारी नाही. बायबल काढ. उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात इसहाक संध्याकाळी रानात मनन करायला जातो. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस रात्रंदिवस देवाच्या वचनाचं मनन करतो. लूक सांगतो की मरीयेनं घडलेलं सगळं अंतःकरणात जपून ठेवलं आणि ती त्यावर विचार करत राहिली.

मार्कचा पहिला अध्याय मात्र तू नर्स म्हणून वाच. कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर अख्खं गाव दाराशी लोटलंय, आजाऱ्यांची रांग संपत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर येशूची डबल ड्यूटी झालीय. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन शोधत येतो, सगळे तुलाच शोधताहेत म्हणून सांगतो. येशू उठतो आणि पुन्हा कामाला लागतो. माणसांची गर्दी, मग एकांत, मग पुन्हा माणसं. तुला जे हवंय ते एवढंच आहे, आणि ते प्रभूनं स्वतः केलेलं आहे.

आता हे सगळं साहेबलोकांचं किंवा कुठून तरी उसनं आणलेलं, असंही कोणी म्हणेल. आपल्या पुणे जिल्ह्यातच पाहा. जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यानं 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. पुण्यात त्याचा आश्रम झाला. खादी नेसायची, जमिनीवर बसून जेवायचं आणि प्रार्थना, अभ्यास, सेवा या तिन्हींना दिवसात जागा द्यायची, अशी तिथली राहणी. या संघात 1927 मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन नावाचा तरुण आला. पुढे तो गोंड आणि बैगा लोकांत राहायला गेला, मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजला आणि चर्चपासून दूरही गेला. पण त्याआधी, 1930 मध्ये, त्यानं एक लहानसं पुस्तक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ख्रिश्चन ध्यान’. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी प्रार्थनाग्रंथाचा तो अभ्यास होता. त्या ग्रंथाच्या कर्त्यानं आपलं नाव लिहिलेलं नाही. त्याची शिकवण साधी: एखादा छोटासा शब्द धर, मनात विचार आले की त्या शब्दाकडे परत ये, आणि देवाला बुद्धीनं गाठता आलं नाही तरी प्रेमानं गाठ.

दुसरे अँथनी डिमेलो. मुंबईत 1931 साली जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू. लोणावळ्याच्या साधना संस्थेत ते लोकांना आधी अंगाच्या संवेदना, कानावर येणारे आवाज, आत-बाहेर जाणारा श्वास यांकडे लक्ष द्यायला शिकवायचे आणि मग प्रार्थनेकडे न्यायचे. त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक 1978चं. त्यांच्या काही विचारांबद्दल 1998 मध्ये व्हॅटिकननं सावधगिरीचा इशारा दिला, हेही तुला माहीत असू दे. जे वाचशील ते शास्त्रावर घासून घे, हा नियम कोणाच्याही पुस्तकाला लागू आहे, माझ्या या पत्रालासुद्धा. आणि ना. वा. टिळकांबद्दल तर मी तुला काय सांगावं? 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांचीच भजनं आपण ‘उपासना संगीत’ उघडून रविवारी म्हणतो.

तू राहतेस मंचरला, पण वाढलीस या डोंगरांच्या पायथ्याशी. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं देऊळ ज्या लेण्यात आहे, तो मुळात बौद्ध विहार. मधे मोठं दालन आणि कडेच्या भिंतींत भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. मानमोडी, शिवनेरी, तुळजा, जिकडे जाशील तिकडे अशा खोल्या आहेत. काहींत दगडातच कोरलेला ओटा, एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढा. बरं, ही शांतता कोरायला पैसा कोणी दिला? इथल्या एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची नावंही शिलालेखांत आहेत, यवन दात्यांचीही आहेत. नाणेघाटातून माल आणणारं-नेणारं हे गाव. माप घालणाऱ्या, भाव करणाऱ्या माणसांनाही डोंगरात कोणीतरी शांत बसलेलं हवं होतं. आपला देव वेगळा, आपली वाट वेगळी. पण बाजार आणि एकांत यांचं वैर असतं, ही समजूत निदान जुन्नरात तरी चालायची नाही.

तर आता कसं बसायचं ते.

वेळ घड्याळाची ठरवू नकोस. तुझी ड्यूटी दर आठवड्याला फिरते, म्हणून पहाटे पाचचा नेम चौथ्या दिवशी मोडेल आणि मग तू नेमच सोडून देशील. ज्या गोष्टी पाळी बदलली तरी चुकत नाहीत, त्यांतली एक धर. आंघोळ धर. आंघोळ झाली, केस पुसले, की चहाच्या आधी दहा मिनिटं. रात्रपाळी करून आलीस तर आधी झोप. एलीयाची गोष्ट आठव, 1 राजे 19. जिवाला कंटाळून तो झुडपाखाली पडला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोपू दिलं, दोनदा खाऊ-पिऊ घातलं. ती मंद वाणी ऐकू आली ती त्याच्याही पुढे, होरेब डोंगरावर. थकलेल्या अंगानं जबरदस्तीनं बसण्यात काही पुण्य नाही.

खुर्चीवर बस. पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ पण आखडलेली नाही, हात मांडीवर. मांडी घालून बसलीस तरी चालेल. फोन गजर लावून दुसऱ्या खोलीत ठेव. एक वचन वाच, हळू, ओठ हलतील असं. आठवडाभर तेच वचन ठेव. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या एका मठवाशानं चार पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत: वाचायचं, त्यावर मनन करायचं, मग त्यातूनच प्रार्थना करायची आणि शेवटी देवाच्या सान्निध्यात नुसतं थांबायचं. पहिल्या तीन आपल्याकडे बऱ्यापैकी होतात. चौथी राहून जाते.

त्या चौथ्या पायरीसाठी एक छोटी प्रार्थना धर. ‘प्रभू येशू’ म्हणत श्वास आत, ‘दया कर’ म्हणत बाहेर. ही पौर्वात्य चर्चची फार जुनी रीत आहे. कोणी म्हणेल, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबड करू नका असं सांगितलंय, मग तेच तेच कशाला म्हणायचं? त्याला त्याच मत्तयाचा 26वा अध्याय दाखव. गेथशेमाने बागेत येशूनं तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्यानं लोक दटावत असतानाही एकच हाक पुन्हा पुन्हा मारली, आणि येशू थांबला. पुन्हा म्हणणं व्यर्थ नसतं. मन न घालता म्हणणं व्यर्थ असतं.

खोडदच्या त्या मोठ्या दुर्बिणी तू शाळेच्या सहलीत पाहिल्यास. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, नारायणगावच्या शिवारापासून दूरवर पसरलेल्या. त्या आकाशात काहीच पाठवत नाहीत, फक्त ऐकतात, आणि जवळ मोबाइल चालू असला तर त्यांच्या ऐकण्यात अडथळा येतो. आपली प्रार्थना बहुतेक वेळा पाठवण्यातच जाते: मामाची गुडघेदुखी, भावाची परीक्षा, कर्ज, पाऊस. ते सगळं सांगावंच. पण दिवसातून दहा मिनिटं तरी पाठवणं बंद ठेवून ऐकावं.

आणि मन भटकणार. माझी कालची सकाळ सांगते. 131वं स्तोत्र घेतलं होतं. पहिलं वचन होतंय तोच गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे आठवलं. परत आले. देवळावरचा भोंगा सुरू झाला. परत आले. मग तुझा मामा डोळ्यांपुढे आला. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, तो एकटा बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जातो आणि उसात बिबट्या. त्याच्याकडून मात्र मी लगेच परत आले नाही. त्याचं नाव घेतलं, प्रभूच्या हवाली केलं आणि मग आले. तुझ्या मनात वॉर्डातला एखादा पेशंट आला तर तसंच कर. बाकी विचारांशी भांडत बसू नकोस. दहा मिनिटांत वीसदा भटकलीस आणि वीसदा परत आलीस, तर वीसदा प्रभूकडे वळलीस असं समज. शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण आणि ऊठ.

रात्री निजताना, किंवा रात्रपाळी असेल तर सकाळी, दोन-तीन मिनिटं गेल्या दिवसाकडे मागे वळून बघ. इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात आपल्या माणसांना ही सवय लावली. आज कशाबद्दल आभार मानायचे, कुठे कोणाला दुखावलं, उद्या कशासाठी बळ मागायचं, एवढंच. वहीत लिहायचं असेल तर एका ओळीच्या वर लिहू नकोस, नाहीतर वहीच मोठी होते आणि प्रार्थना राहते.

काही दिवस काहीच वाटणार नाही. कोरडं, कंटाळवाणं, घड्याळ पुढे सरकेना. आपण बसतो ते बरं वाटावं म्हणून नव्हे, ही गोष्ट त्याच दिवशी कळते. ज्याच्याशी जिवाभावाचं नातं आहे त्याच्याजवळ माणूस रोज काही गोड बोलायला जात नाही, जवळ बसतो. तरीही एक लक्षात ठेव: झोपच उडाली, मन सारखं बुडायला लागलं, जेवण जाईना, तर दहा मिनिटांची पंधरा करू नकोस, डॉक्टरकडे जा. ध्यान हे औषध नव्हे, आणि औषध घेणं हा अविश्वास नव्हे, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार!

या बसण्यानं रविवारची उपासना, प्रभुभोजन, मंडळीतली माणसं यांना सुट्टी मिळत नाही. एकट्यानंच बसणारा माणूस हळूहळू आपल्याच आवाजाला देवाचा आवाज समजायला लागतो. मंडळी त्याला जमिनीवर ठेवते. आणि घरात याचा गाजावाजा नको. आपण ध्यानाला बसलोय म्हणून आईनं भांडी वाजवू नयेत, असला हट्ट धरणाऱ्याचं ध्यान भांड्यांतच असतं.

सोमवारपासून सुरू कर. 131वं स्तोत्र घे, तीनच वचनांचं आहे. आईच्या कुशीत शांत झालेलं, दूध तुटलेलं लेकरू त्यात आहे. प्रसूतीच्या वॉर्डात काम करणाऱ्या पोरीला ते समजावून सांगायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात 23वं, मग 27वं, 62वं, 121वं, 139वं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बसून भरपाई करायची नाही, दहाच बसायचं.

ईस्टरला येशील तेव्हा मी चौकशी करणारच. पण किती दिवस नेम टिकला, डोळे मिटल्यावर काय दिसलं, काय वाटलं, यातलं काही विचारणार नाही. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याचं फळ सांगितलंय; प्रीती, शांती, सहनशीलता, सौम्यता ही त्यातली. ते फळ खुर्चीवर बसून दिसत नाही, माणसांत दिसतं. म्हणून मी एवढंच विचारीन की पेशंटचे नातेवाईक रात्री दोन वाजता अंगावर ओरडत आले, तेव्हा तू त्यांच्याशी कशी बोललीस.

तुझी,
आजी