पुढे काय झालं?

१८९० साली ह. ना. आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही आपली कादंबरी क्रमशः छापली. तिची नायिका यमू आपली हकिकत स्वतःच सांगते: माहेर, लग्न, मुंबईतला थोडासा सुखाचा काळ, मग वैधव्य आणि बळजबरीचं केशवपन. विधवांच्या हालांवर तेव्हा निबंध छापून येत होते, व्याख्यानं होत होती. पण निबंध वाचून माणूस मत बनवतो. यमूची गोष्ट वाचताना तो पुढच्या अंकाची वाट पाहतो. इतकी जड कथा करमणुकीच्या पानांवर द्यायला आपट्यांना कमीपणा वाटला नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

आपल्याला मात्र नुसत्या गोडीने कादंबरी वाचायची जणू चोरी झाली आहे. गुंतवणूक, आहार, यशाची सूत्रं यांवरची पुस्तकं आपण आवडीने विकत घेतो. कथा-कादंबरीचं नाव निघालं की वेळ नसतो. खरं तर त्या वेळेचा हिशेब देता येत नाही, ही अडचण असते. हिशेबाची ही सवय शाळेतच लागते. धडा संपतो न संपतो तोच खाली स्वाध्याय हजर, आणि लेखकाला काय सांगायचं आहे ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी कॉलेजात अभ्यासाला होती म्हणून वाचली. समासात पेन्सिलीने ‘ग्रामीण वातावरण’, ‘स्वभावचित्रण’ अशा खुणा केल्या. यंदाच्या उन्हाळ्यात तीच प्रत पुन्हा हातात घेतली आणि त्या खुणांकडे नजरही गेली नाही. धनगरांच्या वाडीत नवखा मास्तर आलाय, पोरं मेंढरांमागे गेलीत. ती शाळेत येणार की नाही, एवढीच मला काळजी. कारभाऱ्याने मास्तरला आपलं म्हणावं असं मनापासून वाटत होतं. सगळ्यांच्या मेहनतीने तालीम उभी राहिली तेव्हा मीच हरखलो. पुढे पाऊस दडी मारतो, मेंढरं मरू लागतात, माणसं वाडी सोडून निघतात. पूर्वी वाचलेलं असूनही मी पान उलटताना पावसाची आशा धरून होतो. दुष्काळाची आकडेवारी मी वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. तिने मला असं कधी धरून ठेवलेलं नाही.

तेव्हापासून मी निवड सैल सोडली आहे. गाजलेली कादंबरी रमवत नसेल तर ती अर्धवट वाचनालयात परत जाते. एकेकाळी हलकं म्हणून बाजूला सारलेले भयकथाकार नारायण धारप आता उशाशी असतात. भीती वाढवत नेताना ते वाक्य किती साधं ठेवतात, हे रात्री दिवा चालू ठेवून वाचतानाच कळतं.