अधिक स्पष्ट दिसावे, असे खरेच वाटते का?

घरात नवा मोठा टीव्ही आला की पाठोपाठ एक प्रश्न येतो. कपाटातल्या जुन्या डीव्हीडी एकाएकी धुरकट दिसू लागतात. मग त्याच चित्रपटांच्या ब्लू-रे डिस्क घ्याव्यात का? एकदा विकत घेतलेली गोष्ट पुन्हा विकत घ्यावी का? आपण म्हणाल, यात विचार करण्यासारखे काय आहे? हौस आहे, आवरावी. मीही पूर्वी तसेच म्हटले असते.

आधी वस्तू पाहू. आपल्याकडच्या डीव्हीडीवरील चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचे असते, ब्लू-रेवरील 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे. गुणाकार करून पाहा, बरोबर पाचपट होतात. डीव्हीडी तांबड्या लेसर किरणाने वाचली जाते, ब्लू-रे त्याहून आखूड तरंगलांबीच्या निळसर जांभळ्या किरणाने. त्यामुळे तेवढ्याच चकतीवर कितीतरी बारीक नोंद मावते. म्हणजे फरक खरा आहे, तो निव्वळ जाहिरात नाही. मात्र मूळ चित्रणात जे नाही ते कोणतीही चकती आणून देत नाही. 1990 साली व्हीएचएस कॅसेटवर घेतलेले लग्न ब्लू-रेवर उतरवले तरी नवरीच्या शालूची जर उमटणार नाही. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर घेतलेल्या जुन्या चित्रपटाचे तसे नाही. त्यात तपशील पहिल्यापासून भरलेला असतो. आपल्यापर्यंत तो पोहोचलेला नसतो, इतकेच.

आणि स्पष्ट चित्र म्हणजे एकाग्र मन नव्हे, हेही आपण जाणतो. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा लोक आंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसत. कित्येक घरांत तो टीव्ही कृष्णधवल होता. आज पाचपट ठिपके समोर असताना आपला हात दर दहा मिनिटांनी मोबाईलकडे जातो. तेव्हा डिस्क बदलण्याआधी, उणे कुठे आहे, पडद्यावर की आपल्या बसण्यात, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझे मामा काशीत वाढले. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की मंगला गौरीची वस्ती लागते. देवीच्या मंदिरावरूनच तिचे नाव पडले. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजणाऱ्या आपल्या लोकांना ती देवी परकी कशी वाटावी? नाथांनी भागवतावरची टीका 1573 साली काशीतच पूर्ण केली. आपल्या माणसांचा तिथला राबता इतका जुना. मामा अठराव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला आले. आजी तिथेच राहिली, एकटी, आणि तिथेच गेली. मामा पोहोचले तेव्हा सारे आटोपले होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

बोलत ते सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’बद्दल. हा 1956 चा चित्रपट काशीत सुरू होतो. त्यातल्या घराचा चौक दिसला की मामा डीव्हीडी थांबवत. “हा आमच्या शेजारच्या वाड्याचा चौक. त्या कोपऱ्यात नळ होता.” कोपऱ्यात नुसती करडी छाया दिसे. आम्ही माना डोलवायचो. बाप मरतो, आई मुलाला घेऊन काशी सोडते, तिथे मामा चित्रपट बंद करत. पुढचा भाग त्यांनी आमच्यासमोर कधीच लावला नाही.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनमधल्या आगीत होरपळली. करपलेले, आखडलेले तुकडे कोणी फेकून दिले नाहीत, म्हणून पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांना ओलावा देऊन, हाताने सांधून, अर्ध्याहून अधिक ‘अपराजितो’ त्या मूळ फिल्मवरूनच परत मिळवता आला. हे काम 2015 साली लोकांसमोर आले. अशा डिस्कवर खर्च केला, तर त्याला मी चैन म्हणणार नाही. अमेरिकेतल्या भावाने ती पाठवली. तिथली डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर सहसा लागत नाही, म्हणून प्लेयरही पाठवला. हौसेला अशी शेपटे फुटतात, हेही सांगून ठेवतो.

मामांनी चौक पाहिला. थांबवला. पुढे वाकून पाहिले. “नळ नाही इथे,” म्हणाले. बराच वेळाने, “ही भिंत आपल्या दगडाची नाही.”

मला ते ठाऊक होते. तो चौक काशीतला नाहीच. पावसाळ्यामुळे कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले ते नेपथ्य आहे. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वरून पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून तो खाली परतवला, म्हणून वाड्याच्या चौकात झिरपणाऱ्या उजेडाचा भास होतो. हे मी वाचले होते, मामांना सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले.

अंधुक उजेडात दोरी साप भासते, हा दृष्टान्त आपण पुष्कळदा ऐकतो. दिवा आणला की साप जातो आणि आपण सुटतो. पण त्या अंधारात एखाद्याला साप नाही, त्याचे बालपण दिसत असेल तर? मग दिवा आणावा का? मला वाटते, आणावा. पण आणणाऱ्याने तिथून निघून जाऊ नये. मी डिस्क आणली आणि घाबरलो, हे खरे. म्हाताऱ्या माणसाकडून चार ठिपक्यांसाठी काय काढून घेतले मी?

मामांनी रिमोट मागितला नाही. चित्रपट पुढे चालू राहिला. काशी मागे पडली, मुलगा शिकायला कलकत्त्याला गेला, आई खेड्यात त्याची वाट पाहत आजारी पडली. शेवटी ती अंधाराकडे पाहत बसते आणि त्या अंधारात काजवे चमकतात. आमच्या डीव्हीडीवर तिथे नुसता कालवलेला काळोख होता. मी एकट्याने अनेकदा पाहिला होता. काजवे मलाही कधी धड दिसले नव्हते.

मामा म्हणाले, “मागे घे जरा. ती कुठे बघते आहे ते पाहू दे.”