विचारल्यावाचून केलेली सेवा

शासकीय नोकरीत असताना उपविभागीय अधिकारी या नात्याने माझ्याकडे काही काळ एक आगळे काम होते. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या भरणपोषणाचा कायदा 2007 मध्ये झाला आणि त्याखालील न्यायाधिकरणाची जबाबदारी आम्हा महसुली अधिकाऱ्यांवर आली. भरणपोषण म्हणजे काय, हे कायद्याने नेमके सांगितले आहे : अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. एका सुनावणीत मुलाने पावत्यांची थप्पीच माझ्यासमोर ठेवली. किराणा, औषधे, चष्मा, हिवाळ्यातील रजईसुद्धा. अर्जदार वडिलांनी त्यातले काहीही नाकारले नाही. ते एवढेच म्हणाले, ‘‘सब है साहब, पर मुझे कोई पूछता नहीं.’’ ते वाक्य मी टिपणात घेतले आणि अर्ज निकाली काढला. कारण ‘पूछना’ कायद्याच्या कोणत्याही कलमात बसत नव्हते.

‘मला कोणी विचारत नाही’ हा प्रयोग मराठीतही असाच रूढ आहे. वास्तविक विचारणे म्हणजे प्रश्न करणे. परंतु वृद्ध माणूस जेव्हा हे वाक्य उच्चारतो तेव्हा ‘माझी कोणाला पर्वा नाही’ असाच त्याचा अर्थ आपण घेतो. प्रश्न करणे आणि पर्वा करणे यांना भाषेने एकाच क्रियापदात का बांधले असावे, हा विचार त्या दिवशी माझ्या मनाला शिवला नाही. तो सुचण्यासाठी माझ्या स्वतःच्या घरात एक प्रकरण उभे राहावे लागले.

2016 च्या उन्हाळ्यात माझी आई इंदूरच्या आमच्या जुन्या घरात पहाटे न्हाणीघराकडे जाताना पडली. तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. हाड मोडले नाही. मुका मार लागला. परंतु मी घाबरलो आणि घाबरलेल्या अधिकाऱ्याप्रमाणे आदेश काढले. आईने एकटीने उठायचे नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. देवघर दोन पायऱ्या वर होते, म्हणून देव खाली तिच्या पलंगाजवळ आणले. अंघोळ घालण्यासाठी बाई ठेवली. जेवण ताटातून भरवले जाऊ लागले. कारण तिचा हात थरथरे आणि वरण साडीवर सांडे. या व्यवस्थेचे श्रेय नातेवाइकांनी मला दिले, श्रम मात्र माझ्या पत्नीचे होते. ‘‘मुलगा असावा तर असा,’’ हे वाक्य मी त्या दिवसांत अनेकदा ऐकले आणि, खोटे कशाला सांगू, ते मला आवडलेही.

दिवाळीपर्यंत आई स्वतःहून पलंगावरून उठेनाशी झाली. तिचे बोलणेही आटले. वयच झाले, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने एक परिचारिका घरी येऊन गेल्या. मूळच्या केरळच्या, परंतु इंदुरात अनेक वर्षे राहिलेल्या. त्यांनी एक कागद काढला. वृद्धांची अवस्था पाहताना सहा गोष्टी तपासण्याची पद्धत अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडली. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे या त्या सहा गोष्टी. प्रत्येक बाबतीत माणूस स्वावलंबी आहे की परावलंबी, एवढेच नोंदवायचे. सिस्टर आईला हिंदीत विचारत होत्या आणि उत्तरे मी देत होतो. ‘‘अंघोळ आम्ही घालतो. कपडे आम्ही चढवतो. भरवतोही आम्हीच.’’ थोड्या वेळाने त्यांनी पेन खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘आप लोग क्या करते हैं, वह समझ गई. माताजी क्या कर सकती हैं, यह उनसे पूछने दीजिए.’’

मग त्यांनी आईच्या हातात वाटी-चमचा दिला. थरथरत का होईना, आईने दहीभात स्वतः खाल्ला. चार घास सांडले, बाकीचे पोटात गेले.

स्मरणाची तपासणी झाली तेव्हा त्यांनी आजची तारीख विचारली. आई म्हणाली, ‘‘तारीख नाही ठाऊक. आज कार्तिक वद्य अष्टमी.’’ मी ओशाळून म्हणालो, ‘‘बघा, काही लक्षात राहत नाही.’’ सिस्टरनी भिंतीवरचे कालनिर्णय पाहिले. तिथी अचूक होती. शेजारच्या हिंदीभाषक घरात तोच दिवस अगहन महिन्याचा होता, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. तीन पिढ्या माळव्यात राहूनही आईने आपला महिना सोडलेला नव्हता. तिची स्मृती शाबूत होती. फक्त आमच्या प्रश्नाच्या पंचांगात ती मावत नव्हती. अशा प्रश्नावल्या परक्या भाषेतून आणि शालेय शिक्षण गृहीत धरून आल्या की शहाणा माणूसही नापास होतो. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर वृद्धांसाठी स्मृतिपरीक्षेची वेगळी हिंदी आवृत्ती 1990 च्या दशकात तयार करावी लागली होती.

पडण्याचे कारणही त्यांनी शोधले. आईला पाच मिनिटे निजवून रक्तदाब घेतला, नंतर उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतला. उभे राहताच वरचा आकडा वीसहून अधिक उतरला होता. त्यांनी गोळ्यांचा डबा, चपला आणि न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा पाहिला. रक्तदाबाची आणि लघवीची गोळी रात्री एकत्र दिली जात होती. पहाटे घाईने उठावे लागे आणि उठताच भोवळ येई. डॉक्टरांनी गोळ्यांच्या मात्रा व वेळा बदलल्या. पलंगाच्या कडेवर थोडे बसून मग उठायचे, एवढा नियम आईला सांगितला. मी पाच महिने जिच्यावर बंदी घातली होती ती आई या अपघाताचे कारण नव्हतीच. दोष गोळ्यांच्या वेळापत्रकात होता आणि शिक्षा तिच्या पायांना झाली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या पायांतील बळ थोड्या दिवसांत ओसरते आणि परत मिळवायला महिने लागतात, हे मला तेव्हा समजले. तिचे सगळे बळ काही परत आले नाही. ही गोष्ट मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. प्रेमाने केलेली सेवा अन्यायकारक असू शकते काय? मला वाटते, असू शकते आणि ती ओळखणे कठीण असते, कारण तिच्या अंगावर पुण्याचे वस्त्र असते. व्हर्जिनिया हेंडरसन या परिचर्याशास्त्राच्या विदुषीने परिचारिकेचे काम जवळपास असे सांगितले : बळ, इच्छा किंवा ज्ञान असते तर रुग्णाने जे स्वतः केले असते, त्यात त्याला साहाय्य करायचे, तेही तो लवकरात लवकर स्वावलंबी व्हावा अशा रीतीने. म्हणजे चांगली सेवा स्वतःची गरज कमी करत जाते. माझी सेवा आपली गरज रोज वाढवत होती.

आणि यात माझा स्वार्थ नव्हता असेही म्हणवत नाही. आईने स्वतः कपडे घालायचे तर अर्धा तास लागे. बाई ते पाच मिनिटांत उरकी. वाचलेली ती पंचवीस मिनिटे आमच्या सोयीची होती. सोयीला आम्ही सेवा म्हणत होतो.

मातृ-पितृभक्तीचे उदाहरण म्हणून आपण श्रावणबाळाची कावड सांगतो. लहानपणी मला त्याच्या खांद्याचे कौतुक वाटे. आता वाटते, त्या कथेतील महत्त्वाची गोष्ट खांदा नव्हे. तीर्थयात्रेची इच्छा त्या अंध माता-पित्यांची होती. श्रावणाने त्यांना सुरक्षित घरी बसवून स्वतः तीर्थ आणून पाजले असते तर तेही सेवेतच मोडले असते. पण आपण त्याचे नाव घेतले नसते. त्याने त्यांचे पाय होणे पत्करले, त्यांचे मन होणे नव्हे.

याविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मोकळीक दिली आणि पुन्हा पडली तर? पडली. 2018 मध्ये देवघराच्या त्याच दोन पायऱ्यांवरून पडली आणि मनगट मोडले. रुग्णालयात मी मान खाली घालून बसलो होतो. तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, पडले मी. तू कशाला तोंड पाडलंस?’’ तो धोका तिने पत्करला होता. कठडा बसवणे, दिवा लावणे, गोळी तपासणे हे माझे कर्तव्य होते. देवाजवळ जायचे की नाही हे ठरवणे तिचे. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : ज्यांची बुद्धीच ढळली आहे त्यांना काय विचारायचे? मोठे निर्णय त्यांच्यासाठी दुसऱ्याला घ्यावेच लागतात, हे मी मान्य करतो. परंतु समज ही दिव्यासारखी एका बटणाने विझत नाही. घर विकण्याचा व्यवहार ज्यांना उमगत नाही त्यांनाही हिरवे लुगडे हवे की निळे, चहा आत्ता की नंतर, हे सांगता येते. मोठे प्रश्न संपले तरी लहान प्रश्न उरतात. ते विचारणे सोडू नये.

आई 2021 मध्ये गेली. त्या आधीची चार-साडेचार वर्षे वरणाला फोडणी तीच देई, खुर्चीवर बसून, दुप्पट वेळ घेऊन. न्यायाधिकरणातील त्या वृद्धाचा अर्ज मात्र माझ्या सहीने कधीच बंद झाला होता. कायद्यानुसार तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. पण आदेश वाचण्यापूर्वी मुलाकडे वळून ‘‘तुम्ही यांना शेवटचे काय विचारले होते?’’ एवढे तरी मी विचारू शकलो असतो. त्याला कलमाची गरज नव्हती.

आता पाळी माझी आहे. परवा मुलगा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. ‘‘झोप कशी लागते?’’ असे डॉक्टरांनी मला विचारले आणि मी तोंड उघडण्यापूर्वी मुलाने सविस्तर उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, तरीही घरी येताना मी गप्पच होतो. हा अंक हाती आला की प्रथम त्यालाच वाचायला देणार आहे.