किती चाललो आणि कशासाठी?



लांबचा पल्ला पायी गाठणाऱ्याबद्दल आपल्याला आदर वाटतो. पण जे अधिक कष्टाचे, ते अधिक पुण्याचे असते का? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते तसे नाही. सद्‌गुणाचे मर्म खडतरपणापेक्षा चांगुलपणात असते.

आपल्या शेजारच्या वर्ध्याचे उदाहरण घेऊ. मार्च 1951 मध्ये विनोबा भावे तिथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी निघाले. रेल्वे असूनही सुमारे 300 मैल पायी गेले. पुढे तेलंगणात गावोगाव फिरताना 18 एप्रिलला ते पोचमपल्लीत होते. तिथल्या भूमिहीन दलितांनी 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांसमोर शब्द टाकला आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झाले. गाडीने भरकन जाणाऱ्याच्या कानी हे मागणे पडले नसते.

मे 2020 मध्ये नागपूरच्या महामार्गांवरून कितीतरी मजूर आपल्या गावाकडे चालत गेले. ऊन कडक होते, पाय फोडांनी भरले होते. पण ही वाट त्यांनी निवडली नव्हती. तिला तपश्चर्या म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. स्वतः पत्करलेले कष्ट त्याग ठरतात; दुसऱ्यावर लादलेले कष्ट हा अन्यायच.

अम्माऊसच्या वाटेवर येशू दोघा खिन्न शिष्यांसोबत चालला आणि आधी त्यांचे ऐकून घेतले. उपवासकाळात पायी यात्रेला निघाल तेव्हा किलोमीटर जरूर मोजा. पण वाटेत कोणासाठी थांबलात, तेही आठवा.

– आपला धर्मगुरू